मावशीला विमानात बसवण्याआधी तिचा दावा कागदावर येऊ द्या

भाऊ, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: चोपडा तालुक्यातल्या तुमच्या मावशीला ओळखीतल्याच एजंटाने घरकामासाठी कुवेतला पाठवलं. काही महिन्यांपासून पगार नाही, पासपोर्ट कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या तिथल्या मालकाने, ठेवून घेतलाय, आणि एजंट म्हणतो दीड लाख द्या, मी सोडवून आणतो. घरचे म्हणताहेत, पैसे गेले तर गेले, बाई सुखरूप येऊ दे.

एजंटाला आता एक रुपयाही देऊ नका. आणि बुडालेल्या पगारावर पाणी सोडू नका. परक्या घरात राबून कमावलेला पैसा आहे तो, तिच्या हक्काचा.

मारहाण किंवा अंगाला हात लावण्याचा प्रकार असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवा. मावशीने जमेल त्या वाटेने थेट भारतीय दूतावास गाठायचा. अशा बायकांसाठी तिथे निवाऱ्याची सोय आहे. ओळखीच्या कुणाकडे जाऊन लपणं मात्र टाळा. कफील लगेच 'पळून गेली' अशी तक्रार टाकतो आणि मग पगार मागणारी बाईच आरोपी ठरते. म्हणून असा धोका नसेल तर मालकाचं घर सोडण्याआधी तिची अडचण कुठेतरी लेखी नोंदलेली हवी. ते काम तुम्ही इथे बसून करू शकता: परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर कुटुंबातल्या माणसालाही तक्रार टाकता येते. परदेशात काम करणाऱ्या भारतीयांसाठीची सरकारी हेल्पलाइन १८०० ११ ३०९० आहे, तिथेही आजच बोला.

कुवेतमध्ये घरकामगारांसाठी २०१५ चा ६८ क्रमांकाचा स्वतंत्र कायदा आहे. त्यात दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम, आठवड्याची सुटी, वर्षाला पगारी रजा आहे, आणि बाईच्या संमतीशिवाय मालकाला तिचा पासपोर्ट ठेवता येत नाही. पगार थकला तर थकलेल्या दर महिन्यामागे १० दिनार जादा मागता येतात. २०१६ मध्ये किमान पगार ६० दिनार ठरला होता. तक्रार तिथल्या घरकामगार विभागात होते. तिथे तडजोड झाली नाही तर प्रकरण कोर्टात जातं.

बहुतेक बायकांचं नुकसान होतं ते परत येताना. तिकीट हातात आलं की घाईत एका अरबी कागदावर अंगठा घेतात. 'सगळी देणी मिळाली' असं त्यावर लिहिलेलं असतं. मावशीला आत्ताच फोनवर सांगून ठेवा, वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, अंगठा नाही. निघण्याआधी तिथेच तक्रार क्रमांक घ्यायचा आणि दूतावासात मुखत्यारपत्र करायचं, म्हणजे ती इकडे आल्यावरही कुणीतरी तिचा दावा चालवू शकेल. हेच इथून करायचं तर नोटरी, राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय, मग कुवेतचा दूतावास, वर अरबी भाषांतर असं सगळं मागे लागतं. शेतमजुरी करणाऱ्या घराला ते झेपत नाही. तिकिटाला पैसे नसतील तर दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, त्यातून मदतीची मागणी लेखी करा.

आता एजंट. दहावी न झालेल्या बाईला आखातात घरकामाला जायचं तर वय ३० पूर्ण लागतं, आणि भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हायला हवी. या नियमातून सुटायला हे लोक दुबईच्या व्हिजिट व्हिसावर नेतात आणि तिथून पुढे पाठवतात. तसं झालं असेल तर परदेशी कामाला जाणाऱ्यांचा सरकारी विमा, प्रवासी भारतीय विमा, तोही नसणार. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणीशिवाय भरती करणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खटल्याला एरवी केंद्र सरकारची परवानगी लागते. पण तक्रार खुद्द त्या बाईची, किंवा तिच्या वतीने आई-वडील, नवरा, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण यांची असेल तर ती अट नाही. त्या यादीत भाचा येत नाही. म्हणून धावपळ तुम्ही करा, पण तक्रारीवर सही काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, किंवा मावशीच्या मुलाची घ्या.

पोलीस ठाण्यात 'हे कुवेतचं प्रकरण आहे' असं ऐकायला मिळेल. ऐकून घरी येऊ नका. पैसे चोपड्यात घेतले, खोटं आश्वासन चोपड्यात दिलं, म्हणजे फसवणूक इथेच झाली. ते नोंदवत नसतील तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या. परदेशी कामाला जाणाऱ्यांचं काम बघणाऱ्या मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयालाही प्रत पाठवा. वकिलाच्या फीची काळजी नको: बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा.

एजंट गावातला आहे, नात्यागोत्यातला असेल, चार लोक मध्ये पडून 'मिटवून टाका' म्हणतील. मिटवायचंच असेल तर आधी मावशी घरी आणि तिचा पगार हातात, मग बोलू असं त्यांना सांगा. त्याचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप, फोनपेच्या पावत्या, मावशीचे आवाजी मेसेज दुसऱ्या फोनवरही जपून ठेवा.

मावशीचा कुवेतचा सिव्हिल आयडी, म्हणजे तिथलं सरकारी ओळखपत्र, निघालंय का, आणि व्हिसा २० नंबरचा, म्हणजे घरकामाचा, आहे की दुसरा, एवढं विचारून इथे लिहा. त्यावर 'मदद'वरच्या तक्रारीत काय लिहायचं ते ठरेल, मसुदा मी करून देतो.