ओरॅकल ई-बिझनेस सूटमध्ये (कंपनीचे हिशोब आणि कामकाज सांभाळणारं सॉफ्टवेअर) रिक्वेस्ट, म्हणजे मागे चालवायला दिलेले रिपोर्ट आणि इतर कामं, तासन् तास पेंडिंग राहतात. ही कामं उचलून चालवणाऱ्या स्टँडर्ड मॅनेजरचे प्रोसेस (एका वेळी किती कामं धावतील तो आकडा) 10 वरून 40 करावेत का?

एकदम 40 नका करू. महिनाअखेरीला मोठे रिपोर्ट सुटले की मिनिटभरात होणारी इनव्हॉइसची छपाईसुद्धा अडकते, असं तुम्ही लिहिलंय. प्रत्येक प्रोसेस डेटाबेसमध्ये स्वतःचं सेशन उघडतो. 40 जड रिपोर्ट एकदम धावले तर ते एकमेकांनाच मागे खेचतील, आणि ऑनलाइन काम करणारेही त्यात भरडले जातील.

आधी ॲडमिनिस्टर कॉन्करंट मॅनेजर्सचा स्क्रीन उघडा. ॲक्चुअल (प्रत्यक्ष चालू असलेले प्रोसेस) हा आकडा टार्गेटपेक्षा (ठरवून दिलेल्या प्रोसेसपेक्षा) कमी असेल तर मॅनेजर नीट उठलेलाच नाही. तिथे टार्गेट वाढवून काही मिळणार नाही, मॅनेजरचा लॉग वाचा. दोन्ही सारखे आहेत, रनिंगही तेवढंच आहे आणि पेंडिंग वाढतंय, तर मात्र खरोखरच जागा भरली आहे. पेंडिंग रिक्वेस्टचं स्टेटसही बघा. स्टँडबाय दिसलं तर तिच्याशी इनकम्पॅटिबल असलेला, म्हणजे तिच्यासोबत एकाच वेळी चालू न शकणारा, दुसरा प्रोग्राम चालू आहे आणि कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन मॅनेजरने तिला थांबवून ठेवलंय. अशा रिक्वेस्टला 100 प्रोसेस दिले तरी ती हलणार नाही.

जागाच भरत असेल तर जड कामांसाठी वेगळा मॅनेजर करा. तासभर चालणाऱ्या प्रोग्रामना एक रिक्वेस्ट टाइप द्या आणि नव्या मॅनेजरच्या स्पेशलायझेशन रूल्समध्ये (कुठली कामं घ्यायची आणि कुठली नाही याचे नियम) तो टाइप इन्क्लूड करा. आणि इथेच बहुतेक जण थांबतात! तोच टाइप स्टँडर्ड मॅनेजरमध्ये एक्स्क्लूड करायलाच हवा. स्टँडर्ड मॅनेजर मुळात कुठलीही रिक्वेस्ट उचलतो, त्यामुळे एक्स्क्लूड नसेल तर जड रिपोर्ट दोन्हीकडे धावतील आणि छोट्या कामांची कोंडी आहे तशीच राहील. रूल्स बदलल्यावर दोन्ही मॅनेजर रीस्टार्ट करा, नाहीतर ते जुन्याच व्याख्येवर चालत राहतात.

नव्या मॅनेजरला दोन वर्क शिफ्ट (कुठल्या वेळेत किती प्रोसेस चालतील ते) द्या. दिवसा 2 प्रोसेस, रात्री 6, अशी सुरुवात मला योग्य वाटते. पुढे सर्व्हरचा सीपीयू बघून ठरवा. शिफ्ट संपली म्हणून चालू रिपोर्ट तुटत नाही, तो पूर्ण होतो. पण दोन शिफ्टमध्ये फट ठेवू नका. त्या वेळात आलेली रिक्वेस्ट स्टँडर्ड घेणार नाही आणि नवा मॅनेजर बंद, म्हणून ती इनॲक्टिव्ह, नो मॅनेजर अशी दिसेल आणि तुमचा फोन वाजत राहील.

कॅश साइजकडे कुणी फारसं बघत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. मॅनेजर एका वाचनात किती रिक्वेस्ट लक्षात ठेवतो, तो हा आकडा. जड मॅनेजरला 1 ठेवा, छोट्या कामांच्या मॅनेजरला 3 किंवा 4. कॅशमध्ये आलेल्या रिक्वेस्टची प्रायॉरिटी तुम्ही नंतर बदललीत तर पुढच्या वाचनापर्यंत मॅनेजरला ते कळत नाही. कॅश मोठा ठेवून कुणाचं तातडीचं काम पुढे घेण्याचा आटापिटा करणं म्हणूनच व्यर्थ. प्रायॉरिटीत लहान आकडा आधी जातो, डिफॉल्ट 50 असतो. स्लीप सेकंद (दोन वाचनांमधला थांबा) फार कमी करू नका, दर वेळी रिक्वेस्टच्या टेबलवर क्वेरी जाते.

ते टेबल किती फुगलंय तेही तपासा. जुन्या रिक्वेस्ट साफ करणारा पर्ज प्रोग्राम एज मोडमध्ये (ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या नोंदी काढणारा पर्याय) रोज रात्री शेड्यूल करा. किती दिवसांच्या नोंदी ठेवायच्या हे ऑडिटवाल्यांना विचारून ठरवा. आणि अडकलेली रिक्वेस्ट सोडवायला एफएनडी टेबलांवर (सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदी जिथे असतात) हाताने अपडेट कृपया चालवू नका.

हे सगळं करूनही काही एक्सएमएल रिपोर्ट डेटा तयार झाल्यावर शेवटच्या टप्प्यात लटकत असतील, तर आउटपुट पोस्ट प्रोसेसरचा लॉग उघडा. पीडीएफ तिथे बनते, आणि मेमरी कमी पडल्याची नोंद असेल तर त्याच सर्व्हिसची हीप साइज (तिला वापरायला दिलेली मेमरी) वाढवावी लागेल.