तुझा कान कच्चा नाही

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऑनलाइन मागवलेली पेटी, म्हणजे हार्मोनियम, बेसूर निघाली आणि कंपनी ती परत घेत नाही, अशी तीन पानं कैफियत आणि शेवटी एकच ओळ, "बाई, कदाचित माझाच कान कच्चा असेल." तुझे साठवलेले पैसे अडकले याचं वाईट वाटलंच, पण त्याहून ही ओळ मला जास्त लागली. म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते. कंपनीचं नंतर बघू.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा शिकायला यायचा. वडील रिक्षा चालवायचे. त्यांनी पोटाला चिमटा काढून नऊ हजारांची पेटी ऑनलाइन मागवली. फोटोत ती चकचकीत दिसायची, खाली कौतुकाचे शेरे होते, आणखी काय बघणार? पोरगा क्लासला भूप राग गायला लागला की त्याचा गंधार, म्हणजे 'ग', हमखास खाली यायचा. "गंधार उचल रे, गंधार उचल," असं मी आठ महिने त्याच्या मागे लागले होते. तो मान खाली घालून पुन्हा म्हणायचा आणि पुन्हा तिथंच यायचा. शेवटी मी त्याच्या वडिलांना सांगितलं की याला गाण्यापेक्षा तबल्याला घाला.

त्या वर्षी गणपतीत त्यांच्या घरी गेले. आरती झाल्यावर त्यानं हौसेनं पेटी काढली. मी सहज भाता हलवला, काळी एकचा, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीचा, सा धरला, त्याच्या जोडीला पांढरी चारचा गंधार दाबला आणि अंगावर काटा आला. गंधार चांगलाच उतरलेला होता. पोरगा रोज तासभर घरी बसून त्याच गंधाराशी गळा मिळवत होता. त्याचा कान इतका पक्का होता की पेटीतला चुकीचा सूर त्यानं तंतोतंत उचलला होता, आणि मी त्याच्या कानालाच बोल लावत होते.

आम्ही ती पेटी आमच्या पेटीवाल्याकडे नेली. त्यांनी सुरांची फळी बाहेर काढली, पितळी जिभेखाली पातळ पत्रा सरकवला आणि टोकाशी कानस अगदी हलकी फिरवली. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. दोनदा घासायचं, फुंकून बघायचं, पुन्हा घासायचं. पाच मिनिटांत गंधार जागेवर आला. पोराचा गळा त्या जुन्या जागेवरून हलायला मात्र वर्ष गेलं. मी त्याची माफी मागितली. तो लाजला, पण मला ती मागायलाच हवी होती.

तेव्हा पुन्हा असं लिहू नकोस. धैवत, म्हणजे 'ध', दाबला की दोन सूर भांडल्यासारखे ऐकू येतात असं तू लिहिलंस, हे तुला कळलं ना? कच्च्या कानाला ते कळत नाही.

आता पेटीकडे वळू. एकही पट्टी न दाबता भाता मार. आतला भाता पुरता भरला की बाहेरचा हाताला अडला पाहिजे, दाबेनासा झाला पाहिजे. तो नुसताच भसाभस चालत राहिला तर हवा गळते आहे. पट्टी न दाबता एखादा सूर आपोआप बोलायला लागला तर त्या पट्टीखालची हवा नीट बंद होत नाही. मग कुठलीही पट्टी आणि तिची वरच्या सप्तकातली जोडीदार एकत्र दाब. दोन्ही मिळून एकच सूर वाटला पाहिजे. वां-वां-वां अशी लहर ऐकू आली तर एका सेकंदात किती लहरी येतात ते मोज. लहर जितकी जलद, तितका त्या दोन सुरांत फरक जास्त.

गंधाराचं थोडं वेगळं आहे, ते समजून घे. तू काळी चारमध्ये गातेस, म्हणजे तुझा गंधार वरची पांढरी एक. फोनवर तानपुरा लावून तो पडताळशील तेव्हा पेटीचा गंधार किंचित चढा वाटेल. तो दोष नव्हे. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट वर असतो. सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला दार बंद केलं होतं, त्यामागे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, न निघणं आणि हे बांधलेले सूर असे दोन्ही आक्षेप होते. पण गंधार खाली असेल तर ती नक्कीच खोट. आणि एखाददुसरी पट्टी नुसती अडकत असेल तर लगेच फसवणूक म्हणू नकोस. पावसाळ्यात लाकूड फुगतं, माझ्या चाळीस वर्षांच्या पेटीचीही एक पट्टी जुलैत अडते.

कंपनीनं तुला जे उत्तर दिलं ते मला पाठ आहे. क्लाससाठी मीही एकदा अशीच पेटी मागवली होती. खोक्याला चिकटपट्टी दोनदा मारलेली, आत पेटीचा कोपरा तडकलेला आणि खर्जाचे, म्हणजे सगळ्यात खालचे, दोन सूर मुके. आधी म्हणाले, खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. मग म्हणाले, हातानं बनवलेल्या वस्तूत थोडा फरक असायचाच. शेवटी पुढच्या खरेदीवर पाचशेची सूट देऊ केली. मी दमून सोडून दिलं. तू सोडू नकोस.

स्क्रूला अजिबात हात लावू नकोस, नाहीतर ग्राहकानंच उघडून बिघडवली म्हणतील. तुमच्या गावातल्या एखाद्या पेटीवाल्याला नाहीतर भजनी मंडळातल्या जाणत्या वादकाला दाखव आणि दोष काय आहे ते तारीख घालून त्यांच्या सहीनं लिहून घे. कंपनीशी फोनवर बोलत बसू नकोस, सगळं ईमेलवर. जाहिरातीचं पान आजच फोनमध्ये जपून ठेव, कारण ही पानं बदलतात. सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे. त्यांनी पानावर 'परत घेतले जाणार नाही' असं छापलं म्हणून तो नियम पुसला जात नाही. तरीही ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. त्यानंही भागलं नाही तर तू राहतेस त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं, त्यांच्या शहरात खेटे घालायला नकोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क पडत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. तुझी पेटी अकरा हजारांची. अकरा हजारांसाठी कुठे भांडायचं, असं घरचे म्हणतील. तुझ्या हातात महिन्याला किती पडतात ते मला माहीत आहे. भांड.

पैसे परत आले की पुढची पेटी बघायला मी येईन. जाहिरातीत 'जर्मन सूर' वाचून भुलू नकोस, इथे सूर म्हणजे आतल्या त्या पितळी जिभा. आज बाजारात येणाऱ्या बऱ्याच पेट्यांत गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर असतात आणि नीट बसवले, नीट लावले तर ते गोड बोलतात. खरा प्रश्न ते लावणाऱ्या हातांचा आणि कानांचा आहे, आणि फोटोत ते दिसत नाहीत. मला विचारशील तर नवी घेण्यापेक्षा चांगल्या वाजवणाऱ्याची वापरलेली पेटी घेऊ. अशा पेटीचं लाकूड मुरलेलं असतं आणि भाता हाताळलेला.

तोवर तुझी ती पेटी झाकून ठेव. रियाज फक्त तानपुऱ्यावर कर, सकाळचा खर्ज आणि संध्याकाळचे अलंकार. अवघड जाईल, पट्टीचा आधार नसला की गळा चाचपडतो. चाचपडू दे.

रविवारी सकाळी आठला फोन कर. पेटीवरची चादर काढ, फोन भात्यापासून हातभर लांब ठेव. आधी सा दाबून धर, मग तो भांडणारा धैवत, मग त्याचा वरचा जोडीदार. काही बोलू नकोस, नुसतं वाजव. मी ऐकते आणि लिहून घेते.

तुझी,
बाई