मेलबर्नहून सायलो आर्ट ट्रेल एका दिवसात होतो का?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात गावोगावच्या सहा सायलोंवर, म्हणजे उंच धान्य-कोठारांवर, रंगवलेली भलीमोठी चित्रं, भाड्याची गाडी, सोबत मुलं आणि हातात एकच दिवस, असा तुमचा बेत दिसतोय. उरकायचंच म्हटलं तर उरकेल, पण चित्रं कमी आणि डांबर जास्त बघाल. पहिलं रुपनयपचं सायलोच मेलबर्नपासून सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. तिथून शीप हिल्स, ब्रिम, रोझबेरी, लॅसेल्स करत पॅचेवोलॉकपर्यंत जवळपास २०० किलोमीटर, आणि परतीचं अंतर वेगळंच. दोन दिवस काढा. मुक्काम वॉरॅकनाबील किंवा होपटनला करा.

ब्रिमला मात्र घाई करू नका. चित्रकार गायडो व्हॅन हेल्टनने २०१६च्या सुरुवातीला इथलं चित्र पूर्ण केलं, ते इतकं गाजलं की त्यातूनच पुढचा ट्रेल उभा राहिला. वेगवेगळ्या पिढ्यांतले चार शेतकरी, तीन पुरुष आणि एक बाई, १९३९च्या काँक्रीट कोठारांवर उभे आहेत. मुलूख सपाट असल्याने सायलो लांबूनच दिसू लागतं. गाव यायच्या आधी एकदा थांबून बघा, मग पायथ्याशी जा. लांबून स्पष्ट दिसणारे चेहरे जवळ गेलं की नुसते रंगाचे पट्टे होतात. रंगही मुद्दाम फिके वापरलेत, त्यामुळे काँक्रीट कुठे संपलं आणि सदरा कुठे सुरू झाला ते पटकन कळत नाही. भिंत गोल असल्यामुळे बाजूने बघितलं तर चेहरे ताणलेले दिसतात. फोटो समोरूनच काढा.

शीप हिल्सला अ‍ॅडनेट या चित्रकाराने तारांकित आभाळाखाली आदिवासी समाजातले दोन ज्येष्ठ आणि दोन मुलं रंगवली आहेत. रंगांच्या बाबतीत हे ब्रिमच्या अगदी उलट, आणि मला वाटतं मुलांना हेच जास्त आवडेल. पॅचेवोलॉकची गंमत वेगळी. तिथली कोठारं उंच आणि अरुंद, म्हणून चित्रकार फिंटन मगीने त्या मापात बसेल असा उंच, सडसडीत शेतकरीच गावात शोधून काढला. रुपनयप, रोझबेरी, लॅसेल्स वाटेवरच आहेत, प्रत्येकी वीस मिनिटं पुरतात.

रुपनयपच्या अलीकडे-पलीकडे वेळ निघाला तर मुर्टोआची स्टिक शेड बघाच. दुसऱ्या महायुद्धात गहू परदेशी जाईना, तो साठवायला १९४१-४२ मध्ये बांधलेली ही प्रचंड वखार. आत ५६० न तासलेली झाडाची खोडं खांब म्हणून उभी आहेत. तिथे चित्र एकही नाही, तरी मला ती निम्म्या सायलोंपेक्षा जास्त आवडली. उघडी असण्याच्या वेळा मात्र आधी बघून घ्या. मुलं कुत्र्यांची वेडी असतील तर मूळ सहांबाहेरचं नलविलचं सायलोही धरा, तिथे भलामोठा केल्पी, म्हणजे मेंढ्या राखणारा ऑस्ट्रेलियन कुत्रा, रंगवलेला आहे.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, तेवढी काळजी नाही. काळजी आहे ती कांगारूंची. तिन्हीसांजेला आणि पहाटे ते अचानक रस्त्यावर येतात, म्हणून उजेड आहे तोवर मुक्कामी पोहोचा. पेट्रोल मोठं गाव लागलं की भरून घ्या, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुगी असते, धान्याचे लांबलचक ट्रक सारखे येत-जात असतात. त्यांना वाट द्या, आणि फोटोसाठी मुलांना कुंपणापलीकडे सोडू नका.