हिमोग्लोबिन १२.४ आहे, तरीही थकवा का?

आपण लिहिले आहे की हिमोग्लोबिन १२.४ आले, डॉक्टरांनी ते ठीक म्हटले, तरीही दुपारपर्यंत अंगातले त्राण जाते आणि सारखा बर्फ चघळावासा वाटतो. यातली बर्फाची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बर्फ, माती, खडू यांची अशी अनावर ओढ लोहाच्या कमतरतेत आढळते आणि हिमोग्लोबिन अजून घसरलेले नसतानाही ती दिसू शकते.

लोह कमी पडू लागले की आधी शरीरातला साठा रिता होतो आणि हिमोग्लोबिन त्यानंतर उतरते. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते १२ च्या खाली गेल्यावरच ॲनिमिया म्हणतात. म्हणून आपल्या रिपोर्टवरून साठ्याचा अंदाज येणार नाही. त्यासाठी रक्तातले फेरिटिन, म्हणजे लोह साठवून ठेवणारे प्रथिन, तपासावे लागते. निरोगी प्रौढ व्यक्तीत ते १५ च्या खाली असेल तर साठा संपत आला असे समजतात. मात्र संसर्ग किंवा सूज असताना फेरिटिन वाढते आणि कमतरता झाकली जाते.

माझ्या बाबतीत हे सारे इतक्या हळूहळू झाले की मला ते आजारपण वाटलेच नाही. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर कठड्याला धरून मी थांबत असे आणि पिशवीत किल्ली शोधल्यासारखे करत असे. पुढे एकदा आरशासमोर खालची पापणी ओढून पाहिली, तेव्हा आतला भाग लालसर नव्हे, पांढुरका दिसला. छातीत धडधड, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा, हुळहुळी जीभ, चमच्यासारखी खोलगट नखे हीदेखील लक्षणे आहेत, पण ती सगळी एकाच व्यक्तीत क्वचितच दिसतात.

केवळ गोळ्या सुरू करून थांबू नये. लोह कशामुळे कमी पडते आहे ते शोधावे. पाळीत दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, तर तो रक्तस्राव जास्तच आहे. पुरुषांमध्ये आणि पाळी बंद झालेल्या स्त्रियांमध्ये जठर-आतड्यांतील रक्तस्रावाची तपासणी टाळू नये. शौच डांबरासारखे काळे होत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, म्हणून त्या सुरू करण्याआधीच हे पाहून ठेवावे.

पुढच्या भेटीत फेरिटिनची तपासणी मागा आणि बर्फाचे आपणहून सांगा. मला ते कोणी विचारले नव्हते आणि संकोचापोटी मीही बोलले नव्हते.