बोअरचं पाणी आणि उन्हाळी फेलोशिप

प्रश्न : मॅडम, मी नागपुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव काटोल. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपचा अर्ज भरावा म्हणते. बाबा म्हणतात, त्यापेक्षा 'जॅम'चा, म्हणजे आयआयटीतल्या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचा, क्लास लाव. शिवाय मी केलंय काय, तर आमच्या संत्र्याच्या बागेतल्या बोअरच्या पाण्याचा हार्डनेस (जडपणा) मोजला, तोही फक्त मे महिन्यात. एवढ्यावर कोण घेईल?

उत्तर : पोरी, अर्ज भर, आणि त्यात ते बोअरचं पाणीच लिही. 'मला संशोधनाची आवड आहे' असं सगळेच लिहितात. हार्डनेस मोजायला ईडीटीएचं द्रावण थेंबाथेंबाने सोडताना लाल रंग निळा व्हायच्या आधी जांभळ्यावर रेंगाळतो आणि तिथे हात आवरावा लागतो, हे तू स्वतः केलंयस. किती रीडिंग घेतली, कोणतं जुळलं नाही, तेही लिही. कारण कळलं नसेल तर कळलं नाही म्हण.

बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन अकादम्या मिळून ही फेलोशिप देतात. दोन महिने एका गाइडकडे संशोधन, शिवाय विद्यावेतन आणि रेल्वेभाडं. अर्जाची मुदत साधारण नोव्हेंबरात संपते. शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याकडे बघून मागू नकोस. ज्या सरांनी तुझी नोंदवही पाहिली, त्यांच्याकडेच जा.

बाबांना सांग, 'जॅम' फेब्रुवारीत असते आणि तुझी तिसऱ्या वर्षातली. हा उन्हाळा आधी येतो. क्लास जुलैपासून लावता येईल. माझा एक विद्यार्थी असाच बंगळुरूला गेला होता. तीन आठवडे रिॲक्शन काही होईना, रात्री फोनवर रडला. म्हटलं, बिघडलं तेही रोज तारखेसकट लिहून ठेव. पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीत त्याला त्याच तीन आठवड्यांबद्दल विचारलं, आणि तो फळ्यावर खडू घेऊन बराच वेळ बोलत राहिला. तेवढं बोलता येणं मला क्लासमध्ये शिकवता आलं नसतं, हे मी तीस वर्षं शिकवून सांगते.

निवड झाली तर गाइडला आधीच कळव की आपल्या परीक्षा लांबू शकतात. नाही झाली, तर कॉलेजचं पत्र घेऊन नीरीत, म्हणजे नागपुरातल्या पर्यावरण संशोधन संस्थेत, विचार, तिथे पाण्यावर काम चालतं. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे, तिथेही जा. बाग तुझ्या घरचीच आहे.

दिवाळीला घरी जाशील तेव्हा त्याच बोअरचं पाणी पुन्हा भरून आण. पावसाळ्यानंतरचा आकडा तुझ्याकडे नाही.