अमेरिकेत कॅसिनोत जायची स्वतःवरच बंदी घालून घेता येते का? आणि ती सगळ्या राज्यांत चालते का?

येते की. पण तिकडे कॅसिनोचे नियम ज्या त्या राज्याचे असतात त्यामुळे बंदीही त्या राज्यापुरतीच, एका फॉर्ममध्ये अख्खी अमेरिका बंद होत नाही. असं स्वतःहून नाव टाकायची राज्यभराची यादी मिसुरी राज्याने 1996 मध्ये काढली, तेव्हा नाव टाकलं की आयुष्यभरासाठी, 2012 पासून मात्र 5 वर्षांनी नाव काढायला अर्ज करता येतो. पेनसिल्व्हेनियात 1 वर्ष, 5 वर्षं की कायमचं ते आपणच निवडायचं, आणि एकदा सही केली की 1 वर्षवाल्याला चौथ्या महिन्यात हुक्की आली म्हणून नाव निघत नाही (आणि ते बरोबरच आहे म्हणा). तरी गुपचूप जाऊन खेळलात न् सापडलात तर जिंकलेले पैसे जप्त, वर बेकायदा घुसल्याची केस, आणि हरलेले काही परत मिळत नाहीत.

नेवाडा राज्याचं 'ब्लॅक बुक' (कॅसिनोत बंदी असलेल्यांची यादी) ही वेगळी भानगड, 1960 पासूनची, त्यात नावं सरकार टाकतं, फसवणूक आणि गुन्हेगारीवाल्यांची.

आदिवासी जमातींचे कॅसिनो असतात त्यांना राज्याची यादी आपोआप लागू होईलच असं नाही, तिथे वेगळं विचारून घ्या.