टाहोला केबिन विकत घ्यावी, की हिवाळ्यापुरती भाड्याने?

प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटचं जोडपं, वयं ४२ आणि ३९, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, मुलं १० आणि ७ वर्षांची. स्कीइंगच्या निमित्ताने कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरच्या लेक टाहो या डोंगरातल्या तळ्याची ओढ लागली आहे. साउथ लेक टाहोमध्ये दोन बेडरूमची एक जुनी केबिन ७ लाख २० हजार डॉलरला मिळते आहे. कंपनीने पगाराचा भाग म्हणून दिलेले शेअर (आरएसयू) विकून १ लाख ८० हजार डाउन पेमेंट करायचं, उरलेल्या ५ लाख ४० हजारांवर बँक ३० वर्षांसाठी ७ टक्के व्याज सांगते आहे. वर्षाला ४० रात्री स्वतः राहायचं, बाकी दिवस पर्यटकांना भाड्याने देऊन ४५ हजार मिळवायचे. राहत्या घरावर ३ टक्के व्याजाचं ६ लाख २० हजारांचं कर्ज आहे. एका मित्राने दुसरा पर्याय सुचवलाय: तीन कुटुंबांनी मिळून डिसेंबर ते एप्रिल २४ हजारांत एक घर भाड्याने घ्यायचं. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "मुलांना इथे आजोळ नाही. डोंगरात एक हक्काचं घर असावं, एवढंच वाटतं."

नमस्कार,

तुमचं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. सुट्टी लागली की जिथे जायचं हे ठरलेलं असतं, जिथली वाट, झाडं, शेजारी ओळखीचे असतात, अशी जागा मुलांना मिळावी ही इच्छा मोलाची आहे. मी तिच्या आड येणार नाही. पण केबिन आत्ता घेऊ नका, असंच मी सांगेन. मित्राचा पर्याय निदान दोन हिवाळे घेऊन बघा. कारण सविस्तर सांगतो.

आधी खर्च. ५ लाख ४० हजारांचा ७ टक्क्यांनी हप्ता महिना सुमारे ३,६०० डॉलर येतो. पहिल्या वर्षी त्यातले ३७,६०० नुसत्या व्याजात जातात. प्रॉपर्टी टॅक्स खरेदी किमतीच्या १.१ टक्का धरला तर ७,९००. प्रपोझिशन १३ या कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे त्यासाठीचं मूल्यांकन वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही, हा त्यातला दिलासा. विमा तुम्ही २,४०० धरलाय, मी ६,००० धरतो. त्याबद्दल पुढे लिहितोच. जुन्या लाकडी घराच्या देखभालीला किमतीच्या १ टक्का, म्हणजे ७,२००. वीज, गॅस, पाणी, इंटरनेट मिळून ४,८००, आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ काढणाऱ्याला हंगामाचे १,०००. एकूण ६४,५०० झाले, आणि मुद्दलाची फेड यात धरलेलीच नाही. डाउन पेमेंटचे १ लाख ८० हजार दुसरीकडे ५ टक्क्यांनी वाढले असते असं धरलं, तर आणखी ९,०००. म्हणजे वर्षाला ७३,५००. तुमच्या ४० रात्रींनी भागा: एका रात्रीचे १,८०० डॉलरहून जास्त. आणि मागच्या हिवाळ्यात प्रत्यक्षात तुम्ही ११ रात्रीच राहिलात, असं तुम्हीच लिहिलंय.

आता मित्राच्या घराचं बघा. तुमचा वाटा ८ हजार. उन्हाळ्यात १५ रात्री हॉटेलात राहिलात आणि रात्रीला ३५० गेले, तर ५,२५० झाले. दोन्ही मिळून १३,२५०. लिफ्टचे पास, मुलांचे धडे, पेट्रोल हे दोन्हीकडे सारखंच. मधला फरक ६० हजारांचा. हा फरक नुसत्या भाववाढीतून भरून यायचा तर केबिनची किंमत दरवर्षी ८ टक्क्यांहून जास्त वाढायला हवी, आणि विकतानाचं कमिशन त्यावर वेगळं. ती अशी सलग वाढेल या भरवशावर मी कुणाचेही पैसे लावणार नाही.

भाडं येईल ना, असं तुम्ही म्हणाल. तुमची सगळी योजना त्या ४५ हजारांवर उभी आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

टाहोला भाडं कधी मिळतं? ख्रिसमस ते न्यू इयर, जानेवारीतला मार्टिन लूथर किंग वीकएंड आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा, ज्याला बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, कितीतरी शाळा स्की वीक म्हणून सुट्टी देतात. रात्रीचा दर सगळ्यात चढा असतो तो याच दिवसांत. तुमच्या मुलांनाही सुट्टी नेमकी तेव्हाच असते. म्हणजे स्की वीकला एक तर तुम्ही केबिनमध्ये असाल, नाहीतर भाडेकरू. तुमच्या हिशेबात ते दिवस दोन्हीकडे धरलेत. तुम्ही राहणार ते आठवडे वगळले, व्यवस्थापन कंपनीचे ३० टक्के, चादरी-भांडी-दुरुस्ती वजा केली, तर हातात २० हजार उरले तरी मी चांगलं म्हणेन. एवढे मिळाले तरी वर सांगितलेली भाववाढ साडेपाच टक्क्यांच्या वर लागतेच.

त्यात घर पर्यटकांना भाड्याने द्यायच्या परवान्याचा प्रश्न आहे. साउथ लेक टाहोच्या मतदारांनी २०१८ साली मेझर टी हा स्थानिक प्रस्ताव मंजूर केला आणि पर्यटन पट्टा सोडून निवासी वस्त्यांमधली सुट्टीची भाडी २०२१ अखेरपर्यंत बंद करायचं ठरलं. २०२५ मध्ये न्यायालयाने ते रद्द ठरवलं. आता दार उघडलं, असं एजंट सांगेल. मला उलट वाटतं. ज्या गावाने एकदा मतदान करून हे बंद केलं, तिथले नियम पुन्हा बदलू शकतात, आणि तुमचं कर्ज ३० वर्षांचं आहे. उत्तरेकडे प्लेसर काउंटीतही परवान्यांची संख्या ठरवून दिलेली आहे. घर विकत घेतलं की आधीच्या मालकाचा परवाना आपल्याकडे येतो, हे तर मुळीच गृहीत धरू नका.

"टॅक्समध्ये बरंच सुटेल" असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. फारसं सुटणार नाही. ७ लाख ५० हजारांपर्यंतच्या कर्जाचं व्याज फेडरल टॅक्समध्ये वजा करता येतं, पण ही मर्यादा दोन्ही घरांची मिळून आहे. तुमची दोन कर्जं मिळून ११ लाख ६० हजार होतात. वरच्या ४ लाख १० हजारांवरच्या व्याजाची वजावट नाही. कॅलिफोर्नियाची मर्यादा १० लाख आहे, तीही ओलांडली जाते. शिवाय वर्षात १४ दिवस, किंवा जितके दिवस भाड्याने दिलं त्याच्या १० टक्के, यातल्या मोठ्या आकड्याहून जास्त दिवस तुम्ही स्वतः राहिलात, तर भाड्यापोटीचा खर्च भाड्याच्या उत्पन्नाएवढाच वजा होतो. तोटा दाखवून पगारावरचा टॅक्स कमी करता येत नाही. तुमच्या ४० रात्रींनी ते दार आधीच बंद होतं. मित्रांना किंवा नातेवाइकांना फुकट राहायला दिलेले दिवसही तुमचेच धरतात. आणि नेवाडाच्या बाजूला, इन्क्लाइन व्हिलेजला घर घेतलं म्हणून कॅलिफोर्नियाचा इन्कम टॅक्स चुकत नाही. तुम्ही राहता फ्रीमाँटला, तेव्हा सगळ्या उत्पन्नावर टॅक्स इथेच.

आता विमा. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅल्डोर आगीमुळे अख्खं साउथ लेक टाहो रिकामं करावं लागलं होतं. सिएरा-अ‍ॅट-टाहो हा स्की रिसॉर्ट त्या आगीत इतका होरपळला की पुढचा जवळजवळ सगळा हंगाम बंद राहिला. मे २०२३ मध्ये स्टेट फार्म या मोठ्या विमा कंपनीने कॅलिफोर्नियात घरविम्याचे नवे अर्ज घेणं थांबवलं. नेहमीच्या कंपन्यांनी नाही म्हटलं की उरतो कॅलिफोर्निया फेअर प्लॅन, म्हणजे इतर कुणी विमा देत नसेल त्यांच्यासाठीची शेवटची सोय. तो मुख्यतः आग आणि धुराच्या नुकसानीचा. चोरी, कुणी घसरून पडलं तर येणारी जबाबदारी, पाइप फुटून झालेलं नुकसान यांसाठी दुसरी पॉलिसी जोडावी लागते. आणि टाहोला पाइप फुटणं ही नेहमीची गोष्ट आहे. जानेवारीत तुम्ही फ्रीमाँटला, केबिन बंद, हीटर काही कारणाने विझला, नळातलं पाणी गोठून पाइपला चीर गेली. बर्फ वितळायला लागला की पाणी वाहू लागतं, आणि तुम्ही तिकडे पोचता पुढच्या शनिवारी. घर बंद असताना ते गरम ठेवलं होतं किंवा पाण्याची मुख्य तोटी बंद केली होती, हे दाखवता आलं नाही तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. पुढेमागे कधी घर घ्यायचं ठरलंच, तर ऑफर देण्याआधी विम्याचा लेखी दर हातात घ्या. अंदाजावर जाऊ नका.

आई-बाबांसाठी मागे एक खोली वाढवू, असंही तुम्ही लिहिलंय. टाहोच्या खोऱ्यात बांधकामावर टाहो रीजनल प्लॅनिंग एजन्सीचं नियंत्रण आहे. तळ्याचं पाणी गढूळ होऊ नये म्हणून प्लॉटवरची किती जमीन छप्पर, डेक, फरशीने झाकायची यालाही मर्यादा आहे. पुण्यात परवानगी काढून मजला चढवतात तसं इथे गृहीत धरता येत नाही. त्या प्लॉटवर वाव शिल्लक आहे का, हे आधी तपासावं लागेल.

या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तुमचा पगार टेक कंपनीतून, जोडीदाराचाही. बचत त्याच कंपनीच्या शेअरमध्ये. राहतं घर फ्रीमाँटला, म्हणजे त्याची किंमतही टेकच्या नोकऱ्यांवर. आणि टाहोची घरं कोण घेतं? बरीचशी बे एरियाचेच लोक. २०२०च्या साथीत घरून काम सुरू झालं तेव्हा तिथले भाव कसे चढले, ते तुम्ही पाहिलंच असेल. उद्या नोकरकपात आली तर पगार, शेअर, फ्रीमाँटचं घर आणि केबिन, चारही एकदम खाली येतील, आणि केबिन विकायला काढणारे तुम्ही एकटे नसाल. शेअर विकायचा तुमचा निर्णय मला पटला, विकाच. पण ते पैसे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या इंडेक्स फंडात आणि आपत्कालीन निधीत जाऊ देत. तुमच्या पत्रानुसार डाउन पेमेंटनंतर हाताशी चार महिन्यांचा खर्च उरतो. दोन घरांचे हप्ते सुरू झाल्यावर तो जेमतेम तीन महिने पुरेल. दोघांच्याही नोकऱ्या एकाच क्षेत्रात असताना मी निदान नऊ महिन्यांचा निधी मागेन. शेअर विकल्यावरचा कॅपिटल गेन टॅक्स भरायला पैसे बाजूला काढायला विसरू नका. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही.

बर्फाचंही सांगतो, कारण त्यावर दोन्ही बाजू अवलंबून आहेत. १ एप्रिल २०१५ रोजी एको समिटजवळच्या फिलिप्स स्टेशनवर बर्फ मोजायला राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राउन गेले, तेव्हा ते कोरड्या गवतावर उभे होते. राज्यातला बर्फाचा साठा त्या दिवशी सरासरीच्या ५ टक्के होता. २०२२-२३च्या हिवाळ्यात मात्र डॉनर समिटजवळच्या सेंट्रल सिएरा स्नो लॅबमध्ये ७५४ इंच, म्हणजे १९ मीटरहून जास्त बर्फ पडला आणि हायवे वारंवार बंद राहिले. कोरड्या हिवाळ्यात तुम्हीही जात नाही आणि भाडेकरूही येत नाही. अतिबर्फात दोघंही रस्त्यात अडकता. हप्ता दोन्ही वेळा पहिल्या तारखेला कापला जातो. भाड्याच्या घरात हिवाळा वाया गेला, तर बुडाले ८ हजार.

भाड्याने घेतलंत तर काही गोष्टी नीट बघा. करार पाच महिन्यांचा आणि लेखी असावा. ड्राइव्हवे आणि जिन्यावरचा बर्फ कोण काढणार, पाइप गोठला तर जबाबदारी कुणाची, अस्वलांपासून कचरा राखायला लोखंडी बेअर बॉक्स आहे का, हे त्यात असू दे. तीन कुटुंबांमध्ये ख्रिसमस आणि स्की वीक कुणाचा, हे नोव्हेंबरातच ठरवा. मैत्री टिकवायची असेल तर हे जास्त महत्त्वाचं. स्कीइंगचे हंगामी पास वसंतात स्वस्त असतात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला विक्री बंद होते. हेवनली, नॉर्थस्टार, कर्कवूड हे रिसॉर्ट एपिक या सामायिक पासमध्ये येतात, पॅलिसेड्स टाहो आयकॉन या दुसऱ्या पासमध्ये. मोठ्या रिसॉर्टचं सुट्टीतलं खिडकीवरचं तिकीट एका दिवसाला २०० डॉलरच्या वर जातं, तेव्हा भाड्याचं घर कुठल्या डोंगराजवळ आहे ते बघून मगच पास घ्या. धाकटी अजून शिकते आहे, तिला डायमंड पीकसारखा लहान रिसॉर्ट पुरेल. आणि उन्हाळा सोडू नका. एमराल्ड बेला कायाक, टाहो रिम ट्रेलवरची एखादी लहान चाल, स्टेट पार्कमधला कॅम्प. कॅम्पची जागा सहा महिने आधी आरक्षित करावी लागते.

दोन हिवाळे प्रत्येक खेपेची नोंद ठेवा: किती रात्री राहिलात, शुक्रवारी संध्याकाळी पोचायला किती तास लागले, चेन कंट्रोल (बर्फात टायरना साखळ्या लावायची सक्ती) लागला का, मुलं स्वतःहून "परत कधी जायचं?" विचारतात का. वर्षाला ३० रात्री खरोखर होत असतील, नऊ महिन्यांचा निधी शाबूत असेल, कंपनीचा शेअर एकूण बचतीच्या १० टक्क्यांच्या आत आला असेल आणि भाड्याचा एक डॉलरही न धरता हप्ता झेपत असेल, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा मी तुमच्याबरोबर बसून घरं शोधायला मदत करेन.

आत्ता एजंटला नकार कळवा. ऑफरबरोबर अनामत भरली असेल तर ती परत मिळण्याची मुदत करारात शोधा आणि त्याआधी लेखी माघार घ्या.